एकच लेन्स, दोन कॅमेरे: सेन्सरच्या मापाने फोटोचा शार्पनेस कसा बदलतो

माझी पहिली ५० मिमी एफ/१.८ लेन्स मी जुन्या बाजारातून घेतली आणि महिन्याभरात ती दुरुस्तीवाल्या काकांपुढे ठेवली. हीच लेन्स मित्राच्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर लावली की फोटो कसा लख्ख यायचा, माझ्या लहान, क्रॉप सेन्सरवर मात्र चेहऱ्यावरच्या पापण्या जरा पिठूळ दिसायच्या. काकांनी लेन्स ट्यूबलाइटसमोर धरली, दोनदा फिरवली आणि परत देत म्हणाले, "काच चोख आहे. तुम्ही फोटो किती मोठा करून बघता, ते सांगा आधी."

मला वाटलं, काका विषय टाळतायत. पुष्कळ दिवसांनी कळलं की सगळं उत्तर त्या प्रश्नातच होतं. नवा कॅमेरा किंवा नवी लेन्स घेणाऱ्यांनी माझ्यासारखे हेलपाटे घालू नयेत, म्हणून ही वाट पायऱ्यापायऱ्यांनी लिहितो. सोबत एक पट्टी आणि फोनमधला कॅल्क्युलेटर ठेवा.

पायरी १: आपला सेन्सर मिलिमीटरमध्ये ओळखा

कॅमेऱ्याच्या खोक्यावर मेगापिक्सेल ठळक छापलेले असतात, सेन्सरचं माप मात्र माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात. तेच शोधा. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमी. निकॉन, सोनी, फुजी यांचे एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचे, कॅननचे जरा लहान, सुमारे २२.३ बाय १४.९. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ मिमी. आपण 'क्रॉप सेन्सर' म्हणतो तो बहुतेक वेळा एपीएस-सी असतो.

'एक इंची' सेन्सरला भुलू नका. तो कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही. त्याचं माप १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे कर्ण जेमतेम १६ मिमी. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला तरी चित्र उमटायची जागा आतली, त्याच्या दोन तृतीयांश. नळ्या गेल्या, नाव मागे राहिलं.

३६ बाय २४ हे मापही कुणी लेन्सचा विचार करून ठरवलेलं नाही. सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवरची १८ बाय २४ची चौकट लायका घडवणाऱ्या ऑस्कर बार्नाकने दुप्पट केली, १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि ते माप रुजलं.

पायरी २: लेन्स नेमकं काय करते ते एकदा डोळ्यांनी पाहा

घरात वाचायचं भिंग असेल तर दुपारी खिडकीसमोरच्या भिंतीजवळ जा आणि भिंग पुढेमागे करा. एका जागी खिडकीचं उलटं, छोटंसं चित्र भिंतीवर उमटेल. त्या चित्राखाली आधी वहीचं पान धरा, मग पोस्टाचं तिकीट. तिकिटावर खिडकीचा मधला भागच मावेल, पण जेवढा मावेल तेवढा वहीवर होता तितकाच स्पष्ट असेल. कागद बदलला म्हणून भिंगाचं काम बदलत नाही.

कॅमेऱ्यातही हेच घडतं. लेन्स आत एक गोल चित्र पाडते आणि त्यातला चौकोन सेन्सर कापून घेतो. समोर ३६ मिमीचा सेन्सर आहे की २३.५चा, याचा लेन्सला पत्ताही नसतो. एका मिलिमीटरमध्ये ती जितक्या रेघा वेगळ्या दाखवू शकते, तितक्या दोन्हीकडे दाखवते. मग फरक कुठून येतो? फोटो बघताना.

पायरी ३: फोटो किती पट वाढवला जातो ते काढा

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, तेव्हा इथे जरा थांबू.

समजा, तुम्हाला १२ बाय १८ इंचाची प्रिंट हवी आहे. लग्नाच्या १२ बाय ३६च्या अल्बममधलं हे अर्धं पान. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. आता ४५७ला सेन्सरच्या रुंदीने भागा. फुल फ्रेमवरचं चित्र या प्रिंटसाठी १२.७ पट वाढतं. एपीएस-सीवरचं १९.५ पट, मायक्रो फोर थर्ड्सचं सुमारे २६ पट, एक इंची सेन्सरचं जवळपास ३५ पट.

कणकेचा तोच गोळा लहान पोळीला पुरतो आणि मोठी लाटायला गेलं की फाटतो, तसा हा हिशेब आहे. आकड्यांत सांगायचं तर, लेन्स एखादा बिंदू अगदी बिंदूसारखा न दाखवता १० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा) ठिपका करून दाखवते असं धरा. फुल फ्रेमच्या प्रिंटवर तो ठिपका ०.१३ मिमी होईल, एपीएस-सीच्या प्रिंटवर ०.१९५ मिमी. डेप्थ ऑफ फील्डचे, म्हणजे पुढचं-मागचं किती अंतर स्पष्ट दिसेल याचे, तक्ते करताना पूर्वीपासून असं धरतात की पुस्तक वाचायच्या अंतरावरून साधारण ०.२ मिमीपर्यंतचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो. म्हणजे लेन्स तीच, चूक तेवढीच, पण एका प्रिंटमध्ये ती आरामात लपली आणि दुसरीत उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. लेन्स थोडी अधिक ढिली असती, तर मित्राच्या फोटोत ती खपून गेली असती आणि माझ्या फोटोत पापण्या पिठूळ झाल्या असत्या. झाल्याच होत्या.

तोच हिशेब रेघांतही करता येतो. लेन्स प्रत्येक मिलिमीटरला ५० रेघजोड्या (एक काळी, एक पांढरी) दाखवत असेल तर २४ मिमी उंचीच्या सेन्सरवर एकूण १२०० मावतात, १५.६ मिमीवर ७८०. अख्ख्या फोटोत मिळून किती बारकावा आहे, ते या एकूण आकड्यावर ठरतं.

इथे कुणीही विचारेल की मोठ्या फोनचा सेन्सरही रुंदीला १० मिमीच्या आसपास असतो, त्याचं चित्र तर ४५ पट वाढतं, मग तो फोटो चांगला कसा दिसतो? कारण त्याची लेन्स त्या एवढ्याशा चकतीपुरतीच घडवलेली असते. लहान वर्तुळ झाकायचं असेल तर दर मिलिमीटरला कितीतरी जास्त बारकावा देणारी लेन्स करता येते. शिवाय फोन मागून शार्पनिंगचा रंधा फिरवतो, ते वेगळंच. तेव्हा लहान सेन्सर म्हणजे फोटो मऊच येणार, असं नाही. लहान सेन्सरला तितकीच काटेकोर लेन्स लागते, एवढंच.

हे खरं की नाही, ते लेन्स बनवणाऱ्यांच्याच आलेखांत तपासता येतं. लेन्स बारीक रेघा किती ठळक दाखवते ते सांगणारा एमटीएफ आलेख काढताना कॅनन आणि निकॉन दर मिलिमीटरला १० आणि ३० रेघांवर मोजणी दाखवतात. ऑलिंपसने मायक्रो फोर थर्ड्सच्या लेन्ससाठी २० आणि ६० रेघांवर दाखवली. सेन्सर अर्धा, म्हणून परीक्षा दुप्पट कडक. दोन वेगळ्या मापांच्या लेन्सचे आलेख शेजारी ठेवून "ही रेघ वर आहे, म्हणजे ही लेन्स चांगली" म्हणणारे व्हिडिओ पाहाल, तेव्हा हे आठवा.

पायरी ४: कोपऱ्यांचा हिशेब वेगळा मांडा

आता क्रॉप सेन्सरवाल्यांच्या पदरात काय पडतं ते बघू. बहुतेक लेन्स मध्यभागी सर्वांत चांगल्या असतात आणि कडेला ढेपाळतात. फुल फ्रेमचा कोपरा केंद्रापासून २१.६ मिमी दूर असतो, एपीएस-सीचा सुमारे १४ मिमी. फुल फ्रेमची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर लावली की तिचे पिठूळ, काळवंडलेले कोपरे सेन्सरबाहेरच पडतात. सायीचं भांडं मधूनच खरवडल्यासारखं.

म्हणजे त्याच लेन्सने, त्याच मापाच्या प्रिंटवर, क्रॉप सेन्सरचा मध्यभाग फुल फ्रेमपेक्षा जरा मऊ आणि कडा मात्र पुष्कळदा एकसारख्या, असं चित्र दिसतं. व्यक्तिचित्रात कडा कोण बघतो? पण दीडशे माणसांचा शाळेचा गट फोटो असेल तर कडेला बसलेल्या मुलाच्या आईला मध्यभागाशी काही देणंघेणं नसतं.

एमटीएफ आलेखात आडव्या अक्षावर केंद्रापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये असतं. तुमचा कॅमेरा एपीएस-सी असेल तर १४वर पेन्सिलीने उभी रेघ मारा आणि पलीकडचं विसरा. अलीकडच्या भागात मात्र ३० रेघांची वक्ररेषाच बघा. १०ची रेषा जवळजवळ सगळ्याच लेन्सची बरी असते.

पायरी ५: शंभर टक्क्यांचा सापळा चुकवा

संगणकावर फोटो शंभर टक्के, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर, मोठा करून बघायची सवय सगळ्यांनाच लागते. मलाही आहे. पण शंभर टक्क्यांवर तुम्ही सेन्सरचं माप तपासत नसता. तिथे पिक्सेलचं माप दिसतं.

२४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे रुंदीत ६००० पिक्सेल. फुल फ्रेमवर प्रत्येक पिक्सेल ६ मायक्रॉनचा येतो, एपीएस-सीवर ३.९चा. शंभर टक्क्यांवर दुसऱ्या कॅमेऱ्यातलं चित्र दीडपट अधिक ताणलेलं असतं, म्हणून लेन्सचे दोष दीडपट दिसतात. आता निकॉनची जोडी घ्या: डी५०० क्रॉप सेन्सरचा, २०.९ मेगापिक्सेल; डी८५० फुल फ्रेम, ४५.७ मेगापिक्सेल. सेन्सरच्या क्षेत्रफळात सव्वादोन पट फरक, पण पिक्सेल जवळपास एकाच मापाचे, ४.२ आणि ४.३५ मायक्रॉन. तीच लेन्स दोघांवर लावून शंभर टक्क्यांवर पाहिलं तर मध्यभागी फारसा फरक ओळखू येणार नाही. एकाच मापाची प्रिंट काढली की मात्र डी८५० पुढे जातो. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतल्यावर "माझी लेन्स बिघडली" म्हणणारे या सापळ्यात अडकलेले असतात. लेन्स होती तशीच आहे, तुमचा चष्मा बदलला.

दोन कॅमेरे ताडताना दोन्ही फोटो पडद्यावर एकाच मापात आणून बघा. तेवढ्याने निम्मे वाद मिटतात.

या पायरीला एक अपवाद आहे आणि पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी तो महत्त्वाचा. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर तुम्ही होडीत बसला आहात, ५०० मिमीची लेन्स आहे आणि रोहित पक्षी दूर आहेत. आणखी जवळ गेलं तर थवा उठेल. अशा वेळी पक्ष्याचं चित्र दोन्ही सेन्सरवर तेवढ्याच मिलिमीटरचं पडतं, कारण लेन्स आणि अंतर दोन्ही तेच. फुल फ्रेमवाला घरी जाऊन मधला भाग कापणारच आहे. २४ मेगापिक्सेलमधून एपीएस-सीएवढा भाग कापला की हातात १०.७ मेगापिक्सेल उरतात. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप कॅमेऱ्यात सगळे २४ शिल्लक असतात. इथे सेन्सर मोठा असून उपयोग नाही, पिक्सेल किती दाट आहेत ते बघायचं. उजेड भरपूर असेल तर क्रॉप कॅमेरा खुशाल बाजी मारतो.

पायरी ६: ॲपर्चर दोन्ही टोकांनी आवरा

ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफ-आकडा जितका लहान तितकं ते मोठं. लेन्स पूर्ण उघडी असली की काचेचे दोष दिसतात. ५० मिमी एफ/१.८ सारख्या स्वस्त लेन्स एफ/२.८ ते एफ/४वर आल्या की एकदम जाग्या होतात. क्रॉप सेन्सरवर पहिला उपाय हाच, आणि तो फुकट आहे.

दुसऱ्या टोकाला डिफ्रॅक्शन. छिद्र बारीक केलं की प्रकाश पसरतो आणि लेन्स कितीही महाग असो, बिंदूची चकती होते. चकतीचा व्यास मायक्रॉनमध्ये काढायचा तर एफ-आकड्याला १.३४ने गुणा. एफ/८ला सुमारे ११ मायक्रॉन, एफ/११ला १५, एफ/१६ला २१. हीही चकती प्रिंटमध्ये तितक्याच पट वाढते. आपल्या १२ बाय १८च्या प्रिंटवर फुल फ्रेमच्या एफ/१६ची चकती ०.२७ मिमी होते. एपीएस-सीवर जवळपास तेवढीच चकती एफ/११लाच येते, मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/८ला. चकतीची कडा अंधुक असते म्हणून ती मापाइतकी डोळ्यात भरत नाही, पण फोटोवरून हलका हात फिरवल्यासारखा मऊपणा येतोच.

म्हणून राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरण्याचा फोटो काढताना "निसर्गचित्र आहे, एफ/१६ लाव" हा जुना सल्ला क्रॉप कॅमेऱ्यावर आंधळेपणाने पाळू नका. एफ/८ पुरतं. चौकट तेवढीच ठेवली तर लहान सेन्सरवर डेप्थ ऑफ फील्ड आपोआप जास्त मिळते, मग छिद्र आवळायची गरजच काय? आणि एप्रिलच्या धुरकट दुपारी तोरणा पुसट दिसला तर तो दोष ना सेन्सरचा ना लेन्सचा. पाऊस उघडल्यावर पुन्हा जा.

पायरी ७: हात आणि फोकस यांना आधी निर्दोष सोडवा

हात हलल्याचा दोषही प्रिंटमध्ये तितकाच वाढतो. ५० मिमीला शटर १/५० सेकंद हा जुना नियम फुल फ्रेमचा. एपीएस-सीवर १/८० धरा, आणि तेही माणूस स्थिर बसला असेल तर. फोकस पापणीऐवजी कानावर गेला असेल तर कोणताही सेन्सर वाचवणार नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, फार चढवला की फोटोत आलेले डाग पुसण्याच्या नादात कॅमेरा बारकावेही पुसतो. लहान सेन्सरवर हे लवकर सुरू होतं.

पायरी ८: घरच्या घरी वर्तमानपत्राची चाचणी

महागडे तक्ते आणायची गरज नाही. मराठी वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान घ्या, घडीवरून इस्त्री फिरवा आणि कपाटाच्या सपाट दारावर चारी बाजूंनी चिकटवा. देवनागरी या कामाला फार सोयीची, कारण अनुस्वाराचा ठिपका हा तयार मापदंडच आहे. लेन्स मऊ असली की आधी अनुस्वार विरघळतात, मग रफार, मग वेलांट्यांची टोकं. "मंदिराजवळ" वाचता येतं की "मदिराजवळ", यावर जागेचा भावही ठरतो आणि लेन्सचाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर, पानाला अगदी समांतर हवा. त्यासाठी पानाच्या मध्यावर छोटा आरसा सपाट टेकवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. आरशात लेन्सचं तोंड चौकटीच्या बरोबर मध्ये दिसलं की कॅमेरा समांतर आहे. हे केलं नाही तर एक बाजू मऊ येईल आणि तुम्ही विनाकारण लेन्सला नावं ठेवाल. आयएसओ सर्वांत कमी, दोन सेकंदांचा टायमर, हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). फोकस पडद्यावर मोठं करून हाताने. मग पूर्ण उघड्या ॲपर्चरपासून एफ/१६पर्यंत एकेक फोटो घ्या. मध्य आणि चारही कोपरे बघा.

दोन कॅमेरे मिळाले तर चौकट सारखी ठेवा, म्हणजे फुल फ्रेम २ मीटरवर असेल तर एपीएस-सी ३ मीटरवर न्या. दोन्हींत पान तेवढंच भरलं पाहिजे, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. एकच कॅमेरा असेल तरी हरकत नाही: काढलेल्या फोटोचा रुंदीत आणि उंचीत मधला दोन तृतीयांश भाग कापून ठेवा आणि पुन्हा पूर्ण पडद्यावर बघा. दीडपट लहान सेन्सर घेतला असता तर लेन्स साधारण कशी दिसली असती, ते कळेल. २४ मेगापिक्सेलमधून कापूनही फोरके पडद्याला लागतात त्याहून जास्त पिक्सेल उरतात, त्यामुळे दिसणारा फरक लेन्सचाच असतो.

पायरी ९: आता खरेदी

"पुढे फुल फ्रेम घेईन, म्हणून आत्ताच फुल फ्रेमची जड झूम घेऊन ठेवतो" हा बेत मी अनेकांना करताना पाहिलाय. तो 'पुढे' बऱ्याचदा येत नाही आणि दरम्यान तुम्ही अशा वर्तुळाचं वजन गळ्यात घालून हिंडता, ज्याचा निम्म्याहून अधिक भाग सेन्सरला दिसतही नाही. क्रॉपसाठीच घडवलेल्या चांगल्या लेन्स आहेत. सिग्माची २०१३ सालची १८-३५ मिमी एफ/१.८ ही त्यातली नामांकित. पूर्ण झूममध्ये एफ/१.८ देणं त्यांना जमलं, कारण झाकायचं वर्तुळ लहान होतं.

त्याच वर्षी मेटाबोन्सने स्पीड बूस्टर आणला. फुल फ्रेम लेन्स आणि क्रॉप कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी ही काच लेन्सचं चित्र ०.७१ पटीने आकसते. चित्र आकसलं की प्रकाश एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढतो आणि दर मिलिमीटरला बारकावाही वाढतो. टेलिकन्व्हर्टर याच्या बरोबर उलट: चित्र १.४ पट ताणतो, एक स्टॉप खातो आणि लेन्सची सगळी पापं उघडी पाडतो.

फोटो फोनवरच बघितले जाणार असतील तर यातला बराचसा हिशेब सोडून द्या. तेवढ्या पडद्यावर माझी ती जुनी ५० मिमीही लख्ख दिसते. ती मी विकली नाही. तिच्या टोपणाला आतून कागदी चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर वर्तमानपत्राच्या चाचणीतून निघालेले आकडे बॉलपेनने लिहिले आहेत: "२.८ ते ८. १/१०० च्या खाली नको."